ओटीची हवा रुग्णासाठी मोजतात, सिस्टरसाठी कधी मोजणार?

2004 च्या जानेवारी ते मे या महिन्यांत वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत एक आगळी तपासणी झाली. एरवी दुसऱ्यांचं रक्त काढणाऱ्यांनी या वेळी स्वतःचे हात पुढे केले. मेडिकल आणि नर्सिंगचे विद्यार्थी, निवासी डॉक्टर, सिस्टर, प्रयोगशाळेतली माणसं, वॉर्डातले परिचर अशा 726 जणांना क्षयरोगाच्या जंतूची बाधा झाली आहे का, हे पाहायचं होतं. आधी क्षयरोग होऊन गेलेला एकही जण त्यांत घेतलेला नव्हता. या गटाचं मध्यक वय होतं अवघं 22. तरीही त्वचेची चाचणी आणि रक्ताची चाचणी यांपैकी निदान एकीत 360 जण, म्हणजे निम्मे, बाधित निघाले. दोन्हींत बाधित ठरलेले 226 होते. वय जसं वाढत जातं आणि दवाखान्यात काढलेली वर्षं जशी वाढत जातात, तसं बाधेचं प्रमाणही चढत जातं, असं त्यात दिसलं. डॉ. मधुकर पै, डॉ. रजनीश जोशी, डॉ. एस. पी. कलंत्री, डॉ. प्रतिभा नारंग आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2005 साली अमेरिकेतल्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

बाधा म्हणजे आजार नव्हे, हे इथे सांगायलाच हवं. जंतू अंगात दबा धरून बसतो आणि दहांतल्या नऊ जणांना आयुष्यभर त्रास देत नाही. उरलेल्या एकाचा खोकला कोणत्या वर्षी सुरू होईल, याचा मात्र नेम नाही. त्याच चमूने पुढे 216 मेडिकल आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची दीड वर्षाच्या अंतराने दुसऱ्यांदा तपासणी केली. पहिल्या वेळी निर्दोष असलेल्यांतले काही जण दुसऱ्या वेळी बाधित निघाले. निदान त्यांना तरी ही बाधा शिकता शिकता लागली होती.

वर्ध्याने स्वतःच्या माणसांची अशी मोजणी केली आणि निकाल जगापुढे ठेवला, ही मोठी गोष्ट आहे. दवाखाने सहसा रुग्ण मोजतात, खाटा मोजतात, शस्त्रक्रिया मोजतात. तिथे काम करणाऱ्यांनी काय श्वासात घेतलं, हे मोजण्याची रीत आपल्याकडे नाही. मुंबईत शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना क्षयरोग झाल्याच्या आणि त्यांतले काही दगावल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या, तेव्हा कुठे त्या विषयाची चर्चा झाली. वॉर्डातल्या हवेबद्दल एवढी तरी चर्चा झाली आहे. ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, बंद दारामागची हवा मात्र अजून कुणाच्या खिजगणतीत नाही. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे, वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, हिंगणघाट आणि आर्वीची उपजिल्हा रुग्णालयं आहेत, शिवाय गल्लोगल्लीची खासगी नर्सिंग होम. या सगळ्यांच्या ओटीत मिळून रोज किती माणसं उभी राहतात, याचा विचार करून पाहावा.

ओटीच्या हवेला नियम नाहीत असं नाही. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या 'एनएबीएच' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं चांगली काटेकोर आहेत. तासाला किमान 20 वेळा खोलीतली हवा बदलली पाहिजे, त्यांतले किमान 4 बदल बाहेरच्या ताज्या हवेचे हवेत, तापमान 21 अंशांच्या आसपास राहावं, बाहेरच्या बोळातली हवा आत घुसू नये म्हणून आतला दाब किंचित जास्त असावा. या प्रत्येक आकड्यामागे एकच काळजी आहे : रुग्णाच्या उघड्या जखमेत जंतू जाऊ नयेत. ती काळजी रास्तच आहे, तिच्यामुळे असंख्य जीव वाचले आहेत. पण जखमेसाठी आखलेली हवा तिथे सहा-आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसासाठीही आपोआप चांगली असते, हे आपण गृहीत धरून बसलो आहोत. क्षयरोगी रुग्ण टेबलावर असला की हे गृहीतक उघडं पडतं. आतला वाढवलेला दाब जंतूंसकट ती हवा दाराच्या फटीतून बाहेरच्या बोळात ढकलतो. ट्रॉली घेऊन थांबलेला वॉर्डबॉय तिथेच उभा असतो. म्हणून अशी केस दिवसाच्या यादीत शेवटी घ्यावी, दारं बंद ठेवावीत आणि आतल्या सगळ्यांनी एन-95 मास्क घालावा, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2005 मध्येच सांगून ठेवलं आहे. या तिन्ही गोष्टींना यंत्रसामग्री लागत नाही.

आता कॉटरीकडे वळू. ओटीतल्या माणसांना हा शब्द रोजचा आहे. विजेवर चालणारी पेनासारखी कांडी, तिच्या टोकाने सर्जन ऊती कापतो आणि रक्तस्राव थांबवतो. टोक टेकलं की पेशींतलं पाणी उकळून पेशी फुटतात आणि निळसर धुराची वेटोळी वर येतात. टेबलाभोवती वाकलेल्या तीन-चार जणांच्या नाकांपासून ती वीतभर अंतरावर असतात. जळलेल्या मांसाचा तो वास पहिल्यांदा घेणाऱ्या विद्यार्थिनीला मळमळतं. महिन्याभरात तिला तो जाणवेनासा होतो आणि तिथेच सगळे समजतात की प्रश्न मिटला.

या धुरात बहुतांश पाण्याची वाफ असते, सुमारे 95 टक्के. उरलेल्या भागात बेंझीन, टोल्युइन, फॉर्माल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड, कार्बन मोनॉक्साइड अशी मंडळी सापडतात. 1981 साली जपानी संशोधकांनी प्रयोगशाळेत ऊती जाळून त्या धुराची पेशींतल्या जनुकांना इजा करण्याची ताकद मोजली. कॉटरीने जाळलेल्या एक ग्रॅम ऊतीचा धूर सहा सिगारेटींच्या तोडीचा निघाला. 2012 साली ब्रिटनमधल्या एका प्लास्टिक सर्जरी विभागाने आपल्या थिएटरचा रोजचा हिशोब मांडला, तर तो बिनफिल्टरच्या 27 ते 30 सिगारेटींएवढा भरला. 1991 मध्ये नॉर्वेतल्या डॉक्टरांनी एका सर्जनची नोंद प्रसिद्ध केली. लेझरने गुप्तांगावरचे विषाणूजन्य मस जाळण्याचं काम करणाऱ्या 44 वर्षांच्या या माणसाच्या घशात त्याच जातीच्या विषाणूच्या गाठी उगवल्या होत्या. धुरातून रसायनंच तेवढी जात नाहीत, जिवंत विषाणूही जाऊ शकतो, ही शंका तेव्हापासून वैद्यकविश्वाची पाठ सोडत नाही.

तोंडावर मास्क असतोच की, असं कुणी म्हणेल. तो मास्क घालणाऱ्याच्या तोंडातले शिंतोडे जखमेवर पडू नयेत म्हणून आहे. कॉटरीच्या धुराचे कण एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही बारीक असतात. ढिल्या बसलेल्या साध्या सर्जिकल मास्कच्या कडांमधून ते सहज आत जातात.

इथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा लागतो. सर्जनचे ओटीचे वार ठरलेले असतात, बाकी दिवस ते ओपीडीत, राउंडवर. ओटीची सिस्टर, तंत्रज्ञ आणि मावशी मात्र रोज तिथेच. सकाळी ऑर्थोची यादी, दुपारी स्त्रीरोग विभागाची, रात्री तातडीची सिझर. डॉक्टर बदलतात, टेबलाजवळ उभी राहणारी हीच माणसं असतात. धुराचा सर्वांत मोठा वाटा त्यांच्या पदरी येतो, आणि ओटी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या बैठकीत त्यांना खुर्ची नसते.

भुलीच्या वायूंची कथा जुनी आहे. 1967 साली सोव्हिएत रशियात वाइसमान नावाच्या संशोधकाने 354 भूलतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांतल्या स्त्रियांच्या 31 गर्भारपणांपैकी 18 गर्भपातात संपल्याचं त्यात आढळलं. पाहणीची पद्धत कच्ची होती, असं पुढच्या संशोधकांनी दाखवून दिलं, तरी त्या आकड्याने जग खडबडून जागं झालं. 1977 मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने मर्यादा सुचवल्या : नायट्रस ऑक्साइड हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग, हॅलोथेनच्या कुळातल्या वायूंचे 2 भाग. त्यानंतर वाया जाणारा वायू नळीने खोलीबाहेर काढण्याची सोय भुलीच्या यंत्रांना जोडली जाऊ लागली. मोठ्या रुग्णालयांत ही सोय असते. पण लहान मुलांना मास्क लावून भूल देताना, मास्क नीट न बसल्याने किंवा बॉइल मशीन या जुन्या भूलयंत्राच्या झिजलेल्या जोडांतून वायू गळतो, तो खोलीतच राहतो. ऑपरेशन संपल्यावर रिकव्हरीत आणलेला रुग्णही बराच वेळ तोच वायू उच्छ्वासातून सोडत असतो, आणि तिथे तर कसलीच नळी नसते. गर्भार सिस्टरची ड्युटी बदलून देण्याची माणुसकी अनेक ठिकाणी दाखवली जाते. ती सिस्टर इन्चार्जच्या मनावर अवलंबून असता कामा नये, तो लेखी नियम हवा.

आणि मग फॉर्मालिन. या एका गोष्टीबद्दल मनापासून राग यावा, अशी ती आहे.

आपल्याकडच्या असंख्य छोट्या ओटींमध्ये आजही आठवड्याच्या शेवटी फ्युमिगेशन होतं. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावतात. मधोमध स्टीलच्या भांड्यात पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे दाणे टाकून त्यावर फॉर्मालिन ओततात, किंवा विजेच्या बॉयलरमध्ये ते उकळवतात. भांडं फसफसू लागलं की ओतणारा श्वास रोखून दाराकडे पळतो. रात्रभर खोली बंद. सकाळी दार उघडून अमोनियाने भिजवलेला बोळा फिरवायचा, पंखे लावायचे आणि फरशी पुसून काढायची. पुसणारी मावशी पदर नाकाला लावून आत शिरते. डोळ्यांतून पाणी, घशात आग, दम्याचा त्रास असेल तर दिवसभर धाप. हे काम बहुतेक ठिकाणी कंत्राटी माणसाच्या वाट्याला येतं, कारण कायम कर्मचारी ते टाळू शकतो.

फॉर्मालिनमधलं फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये दिला आणि त्याला पहिल्या, म्हणजे खात्रीच्या, गटात टाकलं. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांच्या पाळीसाठी त्याची कमाल मर्यादा दहा लाख भागांत पाऊण भाग एवढी आहे. रुग्णसेवेच्या जागांत अशी धुरी नेहमीचा उपाय म्हणून देऊ नये, असं तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने 2003 मध्येच सांगितलं. पृष्ठभाग नीट घासून पुसणं, योग्य जंतुनाशक वापरणं आणि हवा बदलती ठेवणं यांनी जे साधतं, ते फॉर्मालिनच्या भांड्याने साधत नाही. तरी ते चालू आहे, कारण पूर्वीपासून चालत आलं आहे आणि तपासणीला येणारे फ्युमिगेशनचं रजिस्टर मागतात. सही पाहिजे म्हणून धुरी, आणि धुरी पाहिजे म्हणून मावशीचे डोळे. हे आजच थांबवता येण्यासारखं आहे.

लहान गावांतल्या नर्सिंग होममध्ये आणखी एक अडचण असते. वर्ध्याचा उन्हाळा 45 अंशांच्या पलीकडे जातो. खिडक्या उघड्या ठेवून शस्त्रक्रिया करणं शक्य नाही आणि योग्यही नाही. मग भिंतीवर स्प्लिट एसी बसवला जातो. तो एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा पुन्हा फिरवतो. कॉटरीचा धूर, गळालेला वायू, जंतुनाशकांच्या वाफा, सगळं त्याच फेऱ्यात. त्याच्या आतल्या सांदीकोपऱ्यात बुरशी वाढते ती वेगळी. ओटीत खिडकीचा किंवा स्प्लिट एसी लावू नये, असं एनएबीएचने स्पष्ट लिहिलं आहे. पण मानांकन ऐच्छिक असतं, आणि ज्याच्याकडे ते नाही त्याला विचारणारं कोणी नाही.

या मजकुराला आक्षेप घेणाऱ्यांचीही बाजू ऐकून घ्यायला हवी. धुरामुळे ओटीतल्या माणसांना खरोखर जास्त कर्करोग होतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेतल्या हजारो परिचारिकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासातून 2007 मध्ये निघालेला निष्कर्ष असा की दीर्घकाळ ओटीत काम केलेल्या परिचारिकांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला नाही. हे दिलासा देणारं आहे आणि ते लपवून या प्रश्नाची बाजू बळकट होणार नाही. पण त्या परिचारिका अमेरिकेतल्या ओटींमध्ये काम करत होत्या, तिथल्या हवेत वावरत होत्या. स्प्लिट एसीच्या बंद खोलीतल्या सिस्टरला तो दिलासा उसना देता येत नाही. शिवाय खोकला, डोळ्यांची आग, डोकेदुखी, दम्याची उबळ यांना सिद्ध व्हायला वीस वर्षं लागत नाहीत, त्या आज आहेत. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने 2018 मध्ये धूर ओढून घेणारी यंत्रणा सक्तीची करणारा कायदा केला. कर्करोगाचा अंतिम पुरावा येण्याची वाट त्याने पाहिली नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर वर्धा जिल्ह्यात एक बोचरी विसंगती दिसते. हा कापसाचा जिल्हा. हिंगणघाट आणि पुलगावच्या कापड गिरण्यांनी इथल्या पिढ्या पोसल्या आणि त्याच गिरण्यांच्या कापूसधुळीने काहींची फुफ्फुसंही खाल्ली. त्या आजाराला, बिसिनोसिसला, 1948 च्या कारखाने कायद्याने नाव दिलं, तो सरकारला कळवणं बंधनकारक केलं. गिरणी कामगाराला न्याय किती मिळाला हा निराळा वाद, पण कायद्याच्या पुस्तकात त्याचा आजार होता. ओटीतल्या मावशीच्या खोकल्याला कुठल्याच पुस्तकात जागा नाही, कारण दवाखान्याला कारखान्यासारखं कुणी मोजतच नाही. क्षयरोगाचं मात्र वेगळं आहे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आरोग्यसेवेत किंवा प्रयोगशाळेत काम करताना जडलेले संसर्गजन्य रोग व्यावसायिक आजार म्हणून लिहिले गेले. विरुद्ध पुरावा नसेल तर आजार कामामुळेच झाला, असं या कायद्याने मानलं. ही तरतूद किती सिस्टरांना आणि किती कंत्राटी सफाई कामगारांना ठाऊक असेल? आजार अंगावर काढायचा आणि रजा संपली की कामावर यायचं, एवढंच त्यांना ठाऊक असतं.

2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी, सरकार ठरवेल त्या वर्गातल्या कर्मचाऱ्यांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करण्याची तरतूद आहे. तो वर्ग कोणता, हे ठरवणं महाराष्ट्र सरकारच्या हातात आहे. ओटी, आयसीयू आणि क्षयरोग विभागातल्या माणसांची नावं त्यात पहिल्या ओळीत असली पाहिजेत, आणि कंत्राटदाराची माणसं त्यातून वगळली जाता कामा नयेत. सरकारी रुग्णालयांसाठी आरोग्य विभागाला संहितेकडे पाहत बसण्याचीही गरज नाही, एक परिपत्रक पुरे.

पैशाचं कारण पुढे येईलच. धूर ओढणारं स्वतंत्र यंत्र सगळ्यांना परवडणार नाही, हे खरं आहे. पण सक्शनची नळी कॉटरीच्या टोकापासून दोन इंचांच्या आत धरली तर थोडा धूर तरी जागच्या जागी पकडला जातो, आणि ही सूचना अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने 1996 मध्ये दिलेली आहे. भिंतीवरचं साधं सक्शन मोठ्या धुराला पुरत नाही, छोट्या कामाला पुरतं. कॉटरीची ताकद लागेल तेवढीच ठेवणं फुकट आहे. भुलीच्या यंत्राची गळती दर महिन्याला तपासणं फुकट आहे. फॉर्मालिन बंद केलं तर उलट पैसे वाचतात.

रिकव्हरी, वॉर्ड आणि ओपीडीच्या बोळांत तर निसर्गच मदतीला येतो. 2007 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासासाठी पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांत संशोधकांनी हवा मोजली. दारं-खिडक्या उघडल्या की तासाला सुमारे 28 वेळा हवा बदलत होती, यांत्रिक व्यवस्थेच्या खोल्यांत 12 वेळा. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींनी नव्यांना मागे टाकलं. केंद्र सरकारच्या 2010 च्या हवेतून होणाऱ्या संसर्गाबाबतच्या मार्गदर्शक तत्त्वांतही नैसर्गिक वायुविजनावर भर आहे. नव्या इमारतींचे आराखडे मंजूर करताना काचेच्या बंद दर्शनी भिंतींना हरकत घेणारा एक तरी आवाज त्या बैठकीत असावा.

दोन वैद्यकीय महाविद्यालयं असलेल्या या जिल्ह्यात हवा मोजायला माणसं कमी नाहीत. सूक्ष्मजीवशास्त्र आहे, जनऔषधवैद्यक विभाग आहे, प्रबंधाचा विषय शोधणारे पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी येतात. जिल्ह्यातल्या प्रत्येक ओटीत एका दिवसाच्या यादीदरम्यान हवेतले सूक्ष्म कण, फॉर्माल्डिहाइड आणि नायट्रस ऑक्साइड मोजावेत, ओटीच्या प्रत्येक कर्मचाऱ्याची क्षयबाधेची चाचणी करावी आणि निकाल नाव न घेता जाहीर करावेत. जिल्हा नियोजन समितीने या कामासाठी येत्या वर्षाच्या आराखड्यात तरतूद करावी. जिल्हा शल्यचिकित्सकांनी सरकारी ओटींमधलं फॉर्मालिनचं भांडं या महिन्यातच बाहेर काढावं आणि खासगी दवाखान्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना ओटीतल्या हवेची विचारणा सुरू करावी. आणि परिचारिकांच्या संघटनांनी पुढच्या मागणीपत्रात पदभरती आणि वेतनाच्या खाली आणखी एक ओळ लिहावी : आम्ही ज्या हवेत उभ्या राहतो ती मोजा, आणि आकडे आम्हाला दाखवा.